आण्णांची अनवाणी फेरी

फाटक उघडायच्या आधी आण्णा चपला काढायचं.

कर्रकर्र वाजणाऱ्या कातड्याच्या चपला हुत्या. त्या तिकिटाच्या खिडकीखाली जोडीनं ठेवायचं, धोतराचा सोगा वर खोचायचं आन् चालाय लागायचं. मोठ्या पाळण्याला येढा घालून, घोड्यांच्या चक्रामागनं, वाकड्या आरशांच्या तंबूपुढनं, भेळवाला, सोडेवाला, बायकांचा आडोसा, समदं फिरून परत खिडकीपाशी. लय सावकास. आधी टाच टेकायची, मग चवडा, मग बोटं अशी दाबायची जशी कणीक मळत्यात. मान खाली. कुणाशी बोलणं न्हाई. आमी झाडूवाल्या बाया खराटं हुबं धरून रांगंत थांबायचो. फेरी सपली की आमच्याकडं बघून म्हणायचं, "रिपोट?"

पलटणीत ऱ्हायल्यालं माणूस, बोलणंबी तिथलंच. आमच्यातनं गोदा म्हणायची, "रिपोट साफ हाय, आण्णा."

"मग उघडा फाटक."

गोदा माझी नणंद. माझा नवरा बाहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर दरडीखाली गेला. गोदाला तिच्या नवऱ्यानं आधीच टाकली हुती. दोघी एका चुलीवर आलो. तिची जीभ म्हंजे कोयता. ती बोलायची, मी काम करायची, असं आमचं ठरल्यालंच हुतं. आता मी सांगतीया खरं, पण ती असती तर तिनं ह्येच्यापरास लय चांगलं सांगितलं असतं.

आण्णा आमाला कडेगावात गावलं, मोहरमच्या ताबुतांच्या टायमाला. त्येंचा मेळा तिथं लागला हुता. पाळणा, चक्र, मौतका कुवा, समदं तारेच्या कुंपणात. दुष्काळ सरला हुता पण हाताला काम न्हवतं. गोदा आन् मी एका हाटेलवाल्याच्या दारचं झाडत हुतो, दोन भज्यांवर. आण्णा तिथं च्या पीत बसल्यालं. गोदानं झाडून झाडून कचरा हाटेलाच्या बाजूला लोटला. आण्णा म्हणालं, "आवं बाई, हितनं काढला आन् तिथं ठेवला. ह्येला झाडणं म्हणत्यात व्हय?"

गोदा म्हणाली, "तिथलं झाडायची भजी येगळी."

आण्णा आसं हासलं की च्या नाकात गेला. मग म्हणालं, "चला माझ्यासंगं. माझ्याकडं समदं एकच हाय. हितलं आन् तिथलं न्हाई."

तवापास्नं आमी मेळ्यात. साताऱ्याकडच्या जत्रा, मग सांगली, मिरजंचा उरूस, श्रावणात शिराळा. ट्रकच्या मागं पाळण्याच्या लोखंडावर बसून जायचं. आण्णा आमास्नी पाळणेवाल्या गड्यांच्याच पंगतीत जेवायला बसवायचं. दुसऱ्या मेळ्यात झाडणाऱ्या बाया मागनं, ऱ्हायल्यालं खायच्या. एकदा एका गड्यानं गोदाला म्हटलं, "झाडूवाली, वाईच तिकडं सरक." आण्णांनी त्येचं ताट उचललं आन् त्येला सगळ्यात लांब नेऊन बसवलं. शिवी न्हाई, काय न्हाई. दुसऱ्या दिशी त्यो गडी गोदाला "गोदाआक्का" म्हणाय लागला.

आण्णांची बोलणीबी त्येंचीच. म्हणायचं, "माणूस पाळण्यात वर गेलं की काय बघतंय? आभाळ बघत न्हाई. खाली बघतंय. वरनं घाण लगीच दिसती." आन् फाटकांचं. आत यायचं फाटक हिकडं, भायेर पडायचं पार तिकडं, मागच्या अंगाला. दोन्हीकडं माणूस. म्हणायचं, "येणाऱ्याचं आन् जाणाऱ्याचं तोंड एकमेकाला दिसाय न्हाई पायजे. दिसलं की दोघंबी थांबत्यात, आन् गर्दी थांबली की मरती."

बायकांच्या आडोशाचं तर काय सांगू. पोत्यांचं कुंपण, आत चर खणल्यालं, राखंची बुट्टी, पाण्याचा हंडा. असा आडोसा कुठल्या जत्रंत न्हवता. बाया लांब लांबच्या गावावनं नुसत्या त्येच्यापायी आण्णांच्या मेळ्यात यायच्या. सासवा सुनांस्नी आणायच्या. दीसभर ऱ्हायच्या, खायच्या, पोरांस्नी परत परत पाळण्यात बसवायच्या. दुसऱ्या मेळ्यात बाई पाणी सुद्धा पीत न्हवती, मग तिथं ती कशाला थांबंल?

एकदा सांगलीत फेरी चालू हुती आन् आरशांच्या तंबूपाशी आण्णा थांबलं. वाकलं. पायातनं बाभळीचा काटा काढला. भायेर माणसं फाटक हालवत हुती, पोरं आरडत हुती. आण्णा काटा तळहातावर घेऊन आमच्याकडं आलं, जसं कुणाची हारवल्याली कानातली फुली गावलीया.

"कुणाचा हाय ह्यो?"

गोदा म्हणाली, "बाभळीचा."

आण्णा हासलं न्हाईत. खराटा घेतला आन् पयल्यापास्नं झाडाय लागलं. मग आमीबी. समदं मैदान परत झाडलं. माणसं शिव्या देऊन गेली, काय थांबली. पुन्हा फेरी झाली तवाच फाटक उघडलं.

त्याच दिशी जेवताना सांगितलं त्येनी. धाकटी बहीण हुती, हौसा. एका जत्रंत सोड्याच्या बाटलीची काच तिच्या पायात गेली. घरच्यांनी हळद भरली, फडकं बांधलं. मग धनुर्वात झाला. बैलगाडीतनं मिरजंच्या दवाखान्यात नेली, तिथंच गेली. "तिची दातखीळ बसल्याली मी बघितलीया," आण्णा म्हणालं. "पलटणीत लय मेल्यालं बघितलं. पण त्ये तोंड जात न्हाई डोळ्यापुढनं." मग आमच्याकडं बघून म्हणालं, "बायांनो, माझा पाळणा फिरतोय तवर तुमच्या हातातला खराटा कुणी काढणार न्हाई. आन् माझ्या मैदानात कुणाच्या पायात काच जाणार न्हाई. ह्ये लिवून घ्या."

गोदा म्हणाली, "आमाला कुठं लिवाय येतंय? ध्यानात ठिवतो."

ठिवलं ध्यानात.

मग आण्णांनी नवा पाळणा घेतला. उंच, इजंवर फिरणारा, लाल-हिरवं दिवं. लांबनं दिसायचा. आदीचा पाळणा गडी लोंबकळून फिरवायचं, त्ये समदं गेलं. पाळण्यासाठी पैसा उचलला हुता, त्यो फेडायचा हुता, येवढं आमाला कळत हुतं. आण्णा रातध्याड हिशोबात. आन् मग एक एक कमी हुत गेलं.

आदी मागच्या फाटकावरचा माणूस गेला. आण्णा म्हणालं, "एकच फाटक बास. माणसं काय मेंढरं हायती व्हय, त्यांस्नी कळतंय." मग भुशाची गाडी गेली. पावसाळ्यात चिखलावर आमी वखारीतला लाकडाचा भुसा टाकायचो, पाय रुतू न्हाई म्हणून. मग आडोसा. "पोती कुजली हायती, पुढल्या जत्रंत बघू." त्यो पुढल्या जत्रंचा दीस काय आलाच न्हाई. आन् मग बाया. आज ही गावाकडं गेली, उद्या ती. परत बोलावणं न्हाई. आमी दोघीच ऱ्हायलो, आन् मैदान त्येवढंच.

पयल्या दिशी आमच्यानं समदं झालं न्हाई. ऊन वर आलं तरी निम्मं मैदान तसंच, उसाच्या चोयट्या, शेंगांची फोलपटं, कागद. मला वाटलं आता फेरीत आण्णा बोलत्यात. आण्णा आलं, बघितलं, आन् आमास्नी बाजूला घेऊन हळू बोललं. लय गोड बोललं. त्येच मला खटाकलं. आण्णा गोड बोलणारं न्हवतंच कवा.

"दोघींच्यानं एवढं न्हाई व्हायचं, मला दिसतंय की. तुमी काय करा, माझ्या वाटंपुरतं झाडा. मी जितनं चालतो तेवढं साफ ठिवा. बाकीचं सवडीनं."

गोदा म्हणाली, "आन् बाकीच्यावर माणसं चालत न्हाईत व्हय?"

"थोड्या दिसांचा सवाल हाय गं. पाळणा मोकळा झाला की बाया परत आणतो."

मग रोज सकाळी आमी आण्णांची वाट झाडायचो. वाटंच्या दोन्ही बाजूला चुन्याची फक्की मारायची, आण्णांनीच सांगितलं. मधी भुसा टाकायचा, तेवढ्यापुरता. लय देखणी दिसायची. एवढी देखणी की फाटकाभायेर माणसं जमायची बघायला. आण्णांची अनवाणी फेरी हे नाव तवाच पडलं. आदी कोण बघत न्हवतं. आता बापय पोरांस्नी खांद्यावर घेऊन दाखवायचं, "बघ, मालक सोता अनवाणी चालतोय. असा मेळा न्हाई कुठं." आण्णा चालायचं, आधी टाच, मग चवडा, मान खाली. अगदी तसंच. आन् सपल्यावर मोठ्यांदा, समद्यांस्नी आयकू जाईल असं, "रिपोट?"

गोदानं वाटंभायेरच्या कचऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "साफ हाय."

त्या दिशी भाकरी थापताना मला म्हणाली, "वन्सं म्हणतीस ना मला? मग आयक वन्संचं. हे माणूस चालतंय त्ये आता पायानं चालत न्हाई."

मी म्हटलं, "कामावर हाईस, गप बस."

आडोसा गेला तशा बाया कमी झाल्या. ज्या आल्या त्या लगीच माघारी. बाया गेल्या तशी पोरं गेली. ऱ्हायली ती नुसती दांडगी गर्दी, बापयांची, धक्काबुक्कीची, पानाच्या पिचकाऱ्या मारणारी. पाळण्याच्या मागं कुणीबी बसायचं. वास यायचा. आण्णा तिकडं जायाचंच न्हाईत, त्येंची वाट आता दुसरीकडनं हुती.

मग शिराळ्याची नागपंचमी आली.

शिराळ्याला नागपंचमीला माणूस म्हंजे मुंगी. सकाळपास्नं पावसाची भुरभुर. आमी आण्णांची वाट झाडली, भुसा टाकला. सोडेवाल्याच्या पाठीमागं आदल्या दिशी पेटी फुटली हुती. बाटल्यांच्या काचा चिखलात पडल्याल्या. आमी दोघी येचाय लागलो तवर आण्णांनी हाक मारली, फाटक उघडायची येळ झाली म्हणून. गोदा गेली त्येंच्याकडं. मी संगंच हुते.

"आण्णा, सोडेवाल्याच्या मागं काचा हायती. वाईच येळ द्या, येचून घेतो."

आण्णा चपला काढत हुतं. फाटकाभायेर माणूस मावना.

"माझ्या वाटंवर हायती का?"

"न्हाई, वाटंवर न्हाई."

"मग?"

येवढंच म्हणालं. मग? आन् चालाय लागलं.

गोदा बघत ऱ्हायली. हौसाचं नाव तिच्या तोंडावर आलं हुतं, मला दिसलं. पण ती बोलली न्हाई. जलमात पयल्यांदा बोलली न्हाई. फेरी झाली, "रिपोट?" झालं, गोदा "साफ हाय" म्हणाली, भायेरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, फाटक उघडलं.

दुपारच्या टायमाला आत मावना येवढी माणसं. भायेर पडणारी आन् आत येणारी एकाच फाटकात तोंडाला तोंड लागली. कुणी मागं सराना. मागनं रेटा चालूच. फाटकापाशी बांधल्यालं दोरखंड तुटलं. गर्दी फाटकातनं भायेर जाईना म्हणताना आडवी झाली, सोडेवाल्याच्या अंगावर गेली. चिखलात माणसांच्या चपला रुतून ऱ्हायल्या, माणसं नुसत्या पायानं म्होरं. आन् म्होरं काचा.

गोदा पळाली. दोन्ही हात पसरून हुबी ऱ्हायली गर्दीपुढं. "हिकडं येऊ नगा! काचा हायती! मागं सरा, आयांनो, मागं सरा!" तिच्या पायात कवाच चपला नसायच्या. आमा झाडूवाल्यांच्या नसायच्याच. रेट्यानं ती मागं मागं गेली आन् काचंवर गेली. पडली. तिच्यावर दोन बाया पडल्या. मी केस धरून एकीला उठवलं, तवा गोदाचा पाय दिसला. चिखल लाल झाला हुता.

लय जणांस्नी लागलं. मेलं कुणी न्हाई, देवाची दया.

फौजदार आला. गावची जाणती माणसं आली. बायांच्या पायातनं रगत गळत हुतं, बापय आण्णांवर धावून जात हुतं. मी गोदाचा पाय लुगड्याच्या पदरानं आवळून धरला हुता. मला वाटलं, आता आण्णा सांगतील. चुकलं म्हणतील. हौसाचं सांगतील, रडतील. असं माणूस हाय हे.

आण्णा पाळण्याच्या चौथऱ्यावर चढलं. हात जोडलं.

"शिराळकर मंडळी, मी सकाळी ह्या मैदानातनं अनवाणी फिरलो. तुमी बघितलंसा का न्हाई?"

म्हातारी माणसं म्हणाली, "व्हय, बघितलं."

"माझ्या पायाला कुसळ तरी लागलं का?"

"न्हाई."

"मग झाडणाऱ्या बायांस्नी इचारलं, रिपोट काय. साफ हाय म्हणाल्या. तुमी आयकलंसा."

"व्हय. आयकलं."

"आता ह्येच्यापरास मी काय करू? मालकानं काय चाटून बघायचं मैदान?"

समदी माणसं आमच्याकडं बघाय लागली. एक बाई म्हणाली, "काचा ठिवून गप बसल्या बघा रांडा." फौजदारानं मला इचारलं, "मालकाला साफ हाय म्हणालीस का न्हाई?"

म्हणालो हुतो. काय सांगायचं? आण्णांच्या बोलण्यात एक बोल खोटा न्हवता. समदं खरं बोललं आन् आमाला खोटं पाडलं. मी तरीबी सांगितलं, वाटंपुरतं झाडा म्हणून त्येनीच सांगितलं हुतं. फौजदार हासला. "असं कुठला मालक सांगतोय गं? आन् त्यातबी अनवाणी फिरणारा?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. चौथऱ्यावरनं उतरून चपला घातल्या.

गोदाला मिरजंला नेली. सुई टोचली, धनुर्वात झाला न्हाई, पण पाय सडला. चवड्याची निम्मी बोटं काढली. खाटंवर पडून गोदा म्हणाली, "हौसाची खाट हीच असंल का गं? इचार की कुणाला." मी म्हटलं, गप. तर म्हणाली, "गप बसले एकदा सकाळी, त्येचं काय झालं बघितलंस न्हवं?"

आण्णा दवाखान्यात आलं न्हाईत. कुणी म्हणालं, बहीण तिथं गेल्यापास्नं त्येंचा पाय मिरजंच्या दवाखान्यात पडत न्हाई. असंल.

त्यापुढं आमाला कुठं काम लागंना. मेळ्यावाल्यांची बोलणी जत्रंजत्रंत जात्यात. "काचा ठिवणाऱ्या बाया" हे नाव पडलं. कडेगावात माघारी आलो तर गावातबी त्येच. हाटेलवाल्यानं दारच्या झाडण्यावरनं काढलं. गोदाला खाली बसून झाडता येत न्हवतंच, पण तिचा राग पायाचा न्हवता. म्हणायची, "पाय गेला तर गेला. माझा बोल गेला त्यो त्येनं चौथऱ्यावर घेतला. त्यो त्येनं चौथऱ्यावरच परत द्यावा. मला दुसरं काय नगं." रोज म्हणायची. मी भाकऱ्या थापायची, उसाच्या तोडीला जायाची, आन् आयकायची.

आण्णांचा मेळा म्होरं दोन-तीन जत्रा चालला म्हणत्यात. मग फाटकात माणूसच येईना. शिराळ्याचं झाल्यावर बाया तर न्हाईच न्हाई. नवा पाळणा ज्येचा पैसा हुता त्यानं खोलून नेला.

आन् मग काय वर्सांनी एक दीस, ताबुतांचा सण जवळ आला हुता, आण्णा आमच्या दारात आलं. एकटंच. अंग झडल्यालं, मिशा पांढऱ्या. चपला त्याच, आता वाजत न्हवत्या. मी आंगण नुकतंच झाडलं हुतं. गोदा उंबऱ्यावर पाय पसरून बसल्याली, निम्मा पाय फडक्यात.

आण्णा आंगणाच्या कडंला थांबलं. चपला काढल्या, जोडीनं ठिवल्या. आन् चालत आलं. आधी टाच, मग चवडा, मग बोटं. मान खाली. आंगण केवढं? पण तेवढ्यातबी तसंच चाललं. मधी येऊन हुबं ऱ्हायलं. गोदाच्या पायाकडं बघितलं. हासल्यासारखं केलं.

"काय गोदाबाई. रिपोट?"

गोदानं फडक्यातला पाय वाईच म्होरं सारला.

आण्णा म्हणालं, "चुकलं गं. मीच सांगितलं हुतं तुमाला, वाटंपुरतं झाडा म्हणून. मला ठावं हाय."

माझ्या हातातली बुट्टी खाली आली. एवढी वर्सं त्येच आयकायचं हुतं.

गोदा म्हणाली, "आण्णा, ताबुताला चावडीपुढं समदी माणसं जमत्यात. तिथं सांगशीला? येवढंच. जसं सांगितलंसा तसंच."

आण्णांनी मान वर केली न्हाई. पायाची बोटं मातीत दाबत ऱ्हायलं, जसं काय काटा हुडकत्यात.

गोदानं वाट बघितली. मग लय हळू म्हणाली, त्येंच्याशी ती तशी कवाच बोलली न्हवती, "चपला घाला आण्णा. हितं बघाय कुणी न्हाई."

आण्णा माघारी फिरलं. आंगणाच्या कडंला जाऊन एक पाय चपलंत घातला. दुसऱ्याचा अंगठा काय त्या पट्ट्यात जाईना. वाकलं, चपलंवरनं पाय सरकला, परत घातला. हात भिताडाला टेकला. आमी दोघी बघत हुतो. कुणी उठलं न्हाई.

लय येळानं अंगठा आत गेला.